टोळधाडीतली माणसे

कादंबरी प्रसिद्ध होऊन काही आठवडे लोटल्यावर अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिअल वेस्टने आपल्याच काळातल्या एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराला एक पत्र लिहिले आणि त्यात आपल्या पुस्तकाच्या स्वागताचा हिशेब मांडला. चांगली परीक्षणे १५ टक्के, वाईट परीक्षणे २५ टक्के, उरलेले ६० टक्के म्हणजे लेखकावरचे निर्घृण वैयक्तिक हल्ले. विक्री जवळजवळ नाहीच. एवढे लिहून झाल्यावर, तरीही आणखी एक लिहून बघेन म्हणतो, असेही त्याने सांगितले होते. वर्ष होते १९३९, पुस्तक होते ‘द डे ऑफ द लोकस्ट’, आणि न्यूयॉर्कच्या रँडम हाउसने मे महिन्यात बाजारात आणलेल्या या पुस्तकाच्या दीड हजार प्रतीसुद्धा पुऱ्या खपल्या नाहीत.

मी हे पुस्तक मुंबईत नोकरीला लागले त्या वर्षी फाउंटनच्या पदपथावरून विकत घेतले. वेस्टच्या दोन लहान कादंबऱ्या एकत्र बांधलेली ती स्वस्त आवृत्ती होती, तिचे मुखपृष्ठ कोपऱ्यात दुमडलेले होते, आणि विक्रेत्याने ती चित्रपटविषयक पुस्तकांच्या ढिगात टाकलेली होती. हॉलिवुडवरची विडंबनात्मक कादंबरी एवढेच मला मलपृष्ठावरून कळले होते. त्यामुळे मी जे वाचायला बसले ते वेगळेच होते: लहरी तारका, सिगार ओढणारे निर्माते, दारूत बुडालेले लेखक, पोहण्याच्या तलावाकाठच्या मेजवान्या. १९३९ मधल्या परीक्षकांचीही बहुधा हीच अपेक्षा असावी. त्या वाचकांचा विरस का झाला, हे त्यामुळे मला आतून कळू शकते.

कारण या कादंबरीत तारका जवळजवळ नाहीतच. एक यशस्वी पटकथालेखक आहे, त्याच्या घरच्या तलावाच्या तळाशी पाहुण्यांना दाखवण्यासाठी एक मेलेला घोडा ठेवलेला आहे आणि तो घोडा रबराचा आहे; पण तेवढा एक प्रसंग आटोपला की वेस्ट त्या उंच वस्तीतून खाली उतरतो आणि पुन्हा तिकडे फारसा फिरकत नाही. त्याची माणसे खालच्या अंगाची आहेत. हॅरी ग्रीनर हा जुन्या व्हॉडव्हिल, म्हणजे नाचगाणी आणि विनोदी नकलांच्या, रंगमंचावरचा विदूषक आता घरोघर फिरून स्वतः घरी बनवलेले चांदीचे पॉलिश विकतो. त्याची मुलगी फे गर्दीच्या दृश्यांत उभी राहते, तिला आजवर बोलायला एकच वाक्य मिळाले आहे आणि तेही तिला नीट म्हणता आलेले नाही. अर्ल शूप हा ॲरिझोनाचा घोडेस्वार खोगिरांच्या दुकानासमोर दिवसभर उभा असतो आणि कधीमधी पाश्चात्त्य धाटणीच्या चित्रपटात काम मिळवतो. एक एस्किमो कुटुंबही आहे. ध्रुवप्रदेशावरच्या चित्रपटातली काही दृश्ये पुन्हा घ्यायची म्हणून त्यांना हॉलिवुडला आणले गेले; चित्रपट कधीच प्रदर्शित होऊन गेला, पण ती माणसे परत गेली नाहीत, त्यांना हॉलिवुड आवडले, आणि आता ती ज्यू दुकानदारांकडून धुरी दिलेला सामन मासा आणि मुरवलेले हेरिंग आणून खातात. या एस्किमोंसाठी वेस्टने फार थोडी जागा दिली आहे, पण मला वाटते की संपूर्ण पुस्तक तिथे एका मुठीत मावते: एका कामासाठी आणलेली, काम संपल्यावर कुणी न विचारलेली, आणि तरीही त्या जागेवर जीव जडलेली माणसे.

ही माणसे वेस्टने पुस्तकातून घेतली नव्हती. १९३५ मध्ये तो हॉलिवुडच्या आयव्हर रस्त्यावरच्या पार्वा-सेड-ॲप्टा नावाच्या भाड्याच्या इमारतीत राहत होता. खिसा रिकामा, तब्येत बिघडलेली, स्टुडिओत काम नाही, आणि मेहुणा एस. जे. पेरेलमन याने दिलेल्या उसन्या पैशांवर चाललेले दिवस, अशी त्याची अवस्था होती. त्या इमारतीत एक्स्ट्रा, घोड्यावरून पडण्याची कामे करणारे स्टंटमन, उतरती कळा लागलेले विनोदी नट आणि देह विकणाऱ्या बायका असे शेजारी होते. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये त्याने हॉटेलांत व्यवस्थापकाची नोकरी केली होती आणि रात्रपाळीच्या टेबलामागे बसून परक्या माणसांचे एकटेपण जवळून पाहिले होते. त्याच्या कृपेने किती तरी लेखक तिथे नाममात्र भाड्यात राहून गेले. पुढे रिपब्लिक या छोट्या स्टुडिओत त्याला नोकरी लागली. तिथे कमी खर्चात, थोड्या दिवसांत उरकायचे चित्रपट निघत आणि त्यांच्या पटकथा तो लिहून देई. म्हणजे ज्या कारखान्यावर त्याने कादंबरी लिहिली त्याच कारखान्याच्या पगारावर त्याची चूल पेटत होती, आणि पटकथालेखकांच्या संघटनेच्या कार्यकारिणीवरही तो काम करत होता. अंतर राखून, खिडकीतून डोकावून केलेली ही थट्टा नव्हती.

कादंबरी ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो तो टॉड हॅकेट येल विद्यापीठात चित्रकला शिकून स्टुडिओत सेट आणि पोशाखांची रेखाटने करायला आलेला आहे. पहिल्याच पानावर त्याच्या कचेरीच्या खिडकीखालून एक सैन्य जाते. घोडदळ, पायदळ, वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या रंगांचे गणवेश. आणि त्यांच्या मागे धावणारा, डोक्यावर उन्हाची हॅट घातलेला एक लठ्ठ माणूस कर्णा तोंडाला लावून शिव्या घालतो आहे की तुम्हाला नऊ नंबरच्या स्टेजवर जायचे आहे. संध्याकाळी घरी जाताना टॉडला टेकड्यांवर घरे दिसतात: मेक्सिकन वाडे, सामोआच्या झोपड्या, इजिप्शियन आणि जपानी देवळे, स्वित्झर्लंडची लाकडी घरे, सगळी प्लास्टर, पट्ट्या आणि कागदाची. इथे टर उडवायला किती तरी वाव होता. वेस्ट मात्र तिथे थांबून म्हणतो की सौंदर्याची आणि अद्भुताची भूक कितीही बेढब रूपात समोर आली तरी तिला हसणे अवघड आहे, उसासा टाकणे सोपे आहे. मी ते वाक्य वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले.

मला आमचे तात्या आठवले होते.

कोल्हापुरात आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत तात्या राहायचे. नात्याने ते कुणाचेच कुणी नव्हते, पण आम्ही सगळी मुले त्यांना तात्याच म्हणायचो. तरुणपणी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत ते ऐतिहासिक चित्रपटांतून मावळ्याची कामे करत. कामे म्हणजे पंचवीस-तीस माणसांच्या घोळक्यात भाला घेऊन धावणे आणि सांगतील तेव्हा पडणे. त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी होती. तिच्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून एक खोटी मिशी ठेवलेली असे. तिची जाळी मागच्या बाजूने वाळलेल्या गोंदाने पिवळी आणि कडक झाली होती, एका टोकाचे केस झडले होते, आणि डबी उघडली की स्पिरिट गमचा वास इतक्या वर्षांनंतरही नाकाला झोंबायचा. लग्नकार्यात, गणपतीत, कुणी मुद्दाम चेतवले की तात्या ती मिशी बोटाने ओठावर दाबून धरत आणि ‘हर हर महादेव’ अशी आरोळी ठोकत. लोक पोट धरून हसत. शेवटच्या चित्रपटाचे पैसे त्यांना मिळालेच नाहीत, निर्माता उद्या या, परवा या करत राहिला आणि एके दिवशी गाव सोडून निघून गेला, हे आम्हाला फार नंतर कळले. पुढे त्यांनी उदबत्त्या आणि कापूर दारोदार विकला.

एकदा जत्रेच्या दिवसांत त्यांचा एक चित्रपट पुन्हा लागला होता, तेव्हा ते आम्हा पोरांना स्वखर्चाने घेऊन गेले. लढाई सुरू झाली तसे ते खुर्चीत पुढे सरकले आणि माझा दंड धरून म्हणाले, “तो बघ, पांढऱ्या घोड्याच्या मागं.” मला घोडा दिसला. त्याच्या मागे धूळ होती आणि धुळीत काही पाठी होत्या. “दिसलं का?” त्यांनी विचारले. मी “दिसलं” म्हणाले.

हॅरी ग्रीनर पॉलिश विकायला होमर सिम्पसनच्या दारात येतो तो प्रसंग मी या आठवणीसकट वाचला आणि तेव्हापासून मला तो दुसऱ्या कशासकट वाचताच येत नाही. होमर हा आयोवातल्या एका हॉटेलात वीस वर्षे हिशेब लिहून प्रकृतीसाठी कॅलिफोर्नियात आलेला, दबलेला, मोठ्या हातांचा माणूस आहे. (या नावाचा पिवळा माणूस पुढे कार्टून मालिकेतून घराघरांत गेल्यामुळे आजच्या वाचकाला नाव वाचताच हसू येते आणि त्यात बिचाऱ्या मूळ होमरवर अन्याय होतो.) हॅरी दारात उभा राहून वस्तू विकत नाही, तो प्रयोग करतो. वाकतो, अडखळतो, हॅट उडवतो, चाळीस वर्षांच्या सवयीने एकेक नकल काढतो. मग त्याला खरोखर घेरी येते, आणि इथे वेस्ट असे काही दाखवतो की ते एखाद्या नटाला जवळून पाहिलेल्यालाच सुचावे: हॅरीला स्वतःलाही उमगत नाही की आपण आजारी आहोत की आजारपणाचे सोंग करतो आहोत. आयुष्यभर चेहऱ्याने पोट भरलेल्या माणसाला वेदनेसाठी वेगळा चेहराच उरलेला नाही. नंतर त्याची मुलगी आत येते, दोघांत भांडण पेटते, आणि बाप तिच्याविरुद्ध आपले सर्वांत धारदार हत्यार काढतो. ते म्हणजे रंगमंचावरचे हसणे. कोरडे, यंत्रासारखे, न थांबणारे. ती त्याला उत्तर म्हणून गाणे गाऊ लागते. पाहणारा होमर घाबरून जातो.

याला विडंबन म्हणायचे का, हा प्रश्न त्या काळच्या समीक्षकांना पडला आणि मला वाटते की तोच या पुस्तकाच्या स्वागताचा खरा पेच आहे. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, उपहास आणि उपरोध. उपहासात हसणारा वर असतो आणि ज्याला हसायचे तो खाली असतो. उपरोधात अंतर असतेच असे नाही. बोलणारा स्वतः त्याच कोंडीत सापडलेला असू शकतो. १९३९ च्या परीक्षकांना उपहास हवा होता. हॉलिवुडवर लिहिले आहे ना, मग बड्या धेंडांना टोचले पाहिजे, वाचकाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. त्याऐवजी त्यांना भिकेला लागलेला विदूषक, कोंबड्यांची झुंज, एका ठेंगण्या माणसाचा संताप आणि शेवटी माणसांच्या लोंढ्याने केलेली तुडवातुडव मिळाली. दुसरीकडे मंदीच्या काळातल्या डाव्या विचारांच्या मंडळींची तक्रार अशी होती की या पुस्तकात कुणी झगडणारा, उभा राहणारा माणूसच नाही. त्याच वर्षी, अवघा महिनाभर आधी, जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ आली होती. तीही कॅलिफोर्नियात आशेने आलेल्या आणि तिथे नाडल्या गेलेल्या माणसांचीच गोष्ट. पण तिच्यात अन्याय कुणी केला ते कळते, राग कुणावर काढायचा ते कळते, आणि ती देशभर हातोहात खपली. वेस्टला या तक्रारीचे उत्तर माहीत होते. तो स्वतः संघटनेच्या कामात गुंतलेला होता, हॉलिवुडमध्ये प्रामाणिकपणे लढणारी माणसे त्याच्या रोजच्या उठबशीतली होती. तशी माणसे कादंबरीत घातली असती तर मी उभे करू पाहत होतो ते अर्धे जग त्यांच्यामुळे टराटरा फाटले असते, अशा अर्थाचे त्याने एका पत्रात लिहिले आहे. मला हे उत्तर पटते. प्रत्येक पुस्तकाने सगळ्यांना जागा द्यावी हा आग्रह माणुसकीचा वाटतो, पण त्याने पुस्तके मरतात.

ज्यांनी पुस्तक समजून घेतले तेही थोडेफार अडखळले. एडमंड विल्सन हा वेस्टचा मित्र आणि त्या पिढीचा सर्वांत दबदब्याचा समीक्षक. हॉलिवुडचा पोकळपणा अनेकांनी लिहिला होता, पण तो भयंकर करून दाखवणारा हा पहिला लेखक, असे त्याने म्हटले; आणि लगेच हेही म्हटले की ज्या वस्तीबद्दल ही कादंबरी आहे तिलाच मध्य नाही आणि त्यामुळे कादंबरीलाही थोडी इजा पोचली आहे. फिट्झजेराल्डने पेरेलमनला लिहिलेल्या पत्रात प्रीमियरच्या वेळची विकृत गर्दी, होऊ घातलेल्या नटीचे चित्रण आणि त्या सगळ्या पार्श्वभूमीला आलेली जवळजवळ मध्ययुगीन कळा यांचे कौतुक केले. फिट्झजेराल्ड तेव्हा स्वतः हॉलिवुडवर कादंबरी लिहायच्या तयारीत होता. त्याने शिखरावरचा माणूस, एक निर्माता, नायक म्हणून निवडला. ती कादंबरी त्याच्या हातून पुरी झाली नाही.

आणि मग अठरा वर्षे जवळपास शांतता. १९५७ मध्ये वेस्टच्या चारही कादंबऱ्या एका खंडात निघाल्या तेव्हा पुन्हा चर्चा सुरू झाली. त्या सुमारास कवी डब्ल्यू. एच. ऑडनने वेस्टवर जो निबंध लिहिला तो मला या सगळ्या समीक्षेत सर्वांत मोलाचा वाटतो, जरी मी त्याच्याशी पूर्ण सहमत नसले तरी. ऑडनचे म्हणणे असे की वेस्ट विडंबनकार नाहीच. विडंबनाला खऱ्याखोट्याचा, नीतिअनीतीचा निवाडा करणारी विवेकबुद्धी गृहीत धरावी लागते, आणि वेस्टच्या जगात तीच बुद्धी भ्रम निर्माण करते. त्याच्या कथा म्हणजे इशाऱ्याच्या दृष्टान्तकथा आहेत. त्यांच्यातल्या नरकाचा राजा असत्याचा जनक नसून इच्छांचा जनक आहे. इथे इच्छा म्हणजे काहीतरी करण्याची जिद्द नव्हे. जे आहे त्याचा नकार म्हणून नुसते दुसरे काही हवे-हवेसे वाटत राहणे. या रोगाला ऑडनने वेस्टचेच नाव दिले.

फे ग्रीनर पलंगावर पडून स्वप्ने बघते त्या पानाला हे तंतोतंत लागू पडते. पत्त्यांचा कॅट पिसावा तशी ती आपली स्वप्ने एकेक करून उलटते, एक आवडले नाही तर दुसरे घेते, आणि तिला माहीत असते की ती यंत्रवत आहेत. पण कुठलेच स्वप्न नसण्यापेक्षा कुठलेही बरे, असे तिचे मत आहे. ऑडनशी माझे मतभेद होतात ते इथेच. हे वाचताना मला रोगी दिसत नाही. मला एक मुलगी दिसते, जिच्यापाशी विकायला चेहरा आणि सतरा वर्षांचे वय याशिवाय काही नाही, जिचा बाप मरतो तेव्हा अंत्यविधीच्या खर्चासाठी ती कुंटणखान्यात जाते, आणि त्यानंतर जी दुसऱ्या एका पुरुषाच्या घरी ‘धंद्याचा करार’ म्हणून राहायला जाते. तिच्या हवेसेपणाला कारणे आहेत, आणि ती कारणे वेस्टने पानापानावर ठेवली आहेत. ऑडन ती ओलांडून थेट आत्म्यापाशी जातो.

पण इथेच पुस्तकाचा दोषही आहे आणि तो मला झाकायचा नाही. टॉड फेकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर वारंवार बलात्काराच्या कल्पनेपाशी येऊन थांबते, आणि लेखक त्या नजरेपासून पुरेसा दूर उभा राहिला आहे असे मला प्रत्येक वाचनात वाटत नाही. पहिल्यांदा वाचताना मी ती पाने भरभर उलटली होती, आता वयाच्या या टप्प्यावर ती मी सावकाश वाचते आणि अस्वस्थ होते. मिगेल या मेक्सिकन माणसालाही लेखकाने देहापलीकडे फार काही दिलेले नाही. ज्या लेखकाला घरोघर फिरणाऱ्या म्हाताऱ्याचे मन इतके आरपार दिसले, त्याला या मुलीचे मन आतून दिसू नये, याचे मला दुःख आहे. फे आपल्याला सतत बाहेरून, हालचालींतून, पुरुषांच्या डोळ्यांतूनच दिसते. तिच्या बाजूने बोलायला पुस्तकात कुणीच नाही.

वॉटर्लूचा प्रसंग मात्र निर्दोष आहे. फे गर्दीच्या दृश्यात काम करते आहे असे कळल्यावर टॉड तिला शोधत स्टुडिओच्या मागच्या अवाढव्य आवारात भटकतो. वाळवंटातून, जहाजावरून, पॅरिसच्या रस्त्यावरून, अर्धवट मोडलेल्या देवळावरून त्याची वाट जाते. पुढे लढाई चालू असते. मों-सँ-झाँची टेकडी लाकडी सांगाडा आणि रंगवलेल्या कापडाची आहे, तिचे काम अजून अपुरे आहे, सुतार तिच्यावर ठोकाठोक करत आहेत. चौकटीची टोपी घातलेला साहाय्यक घाईने चिलखती घोडदळाला टेकडीवर चढाई करायला सांगतो. नेपोलियनने वॉटर्लूला जी चूक केली तीच पुन्हा, असे टॉडच्या लक्षात येते. खिळे तुळयांतून किंचाळत सुटतात, कापड फाटते, पट्ट्या हाडांसारख्या मोडतात, आणि सबंध टेकडी एखाद्या प्रचंड छत्रीसारखी मिटून सैन्याला आपल्या रंगीत कापडाखाली झाकून टाकते. खोट्या लढाईत खरी माणसे जायबंदी होतात. कर्णा घेतलेला माणूस पहिल्या पानावर होता, चौकटीच्या टोपीचा माणूस इथे आहे. दोघांनाही नावे नाहीत, आणि हुकूम देणाऱ्यांविषयी वेस्टला जे म्हणायचे होते ते एवढ्यात म्हणून झाले आहे. डाव्या टीकाकारांनी हे पान नीट वाचले असते तर त्यांना हवे ते सापडले असते.

शीर्षकाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. वेस्टच्या मनात आधी ‘द चीटेड’ असे नाव होते, म्हणजे फसवले गेलेले. नंतर त्याने बायबलमधली टोळधाड घेतली. कादंबरीत टोळ कुठेच नाहीत, म्हणून टोळ कोण हा प्रश्न वाचकावर सोडलेला आहे. आपल्याला टोळधाड हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. उभे पीक घटकाभरात फस्त होणे म्हणजे काय हे आपल्या भाषेने जपून ठेवलेले आहे. शेवटच्या प्रकरणात काह्नच्या पर्शियन पॅलेस थिएटरबाहेर नव्या चित्रपटाच्या प्रीमियरसाठी हजारो माणसे जमतात. ती आयुष्यभर दुकानांत, कचेऱ्यांत, शेतांवर राबून पै पै साठवून कॅलिफोर्नियाच्या उन्हासाठी आलेली माणसे आहेत. ऊन मिळाले, संत्री मिळाली, त्यांचाही कंटाळा आला. समुद्राच्या लाटा पाहिल्या, एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. विमानतळावर जाऊन विमाने पाहिली, एखादे कोसळताना तरी दिसेल म्हणून. रोज वर्तमानपत्राने आणि चित्रपटाने त्यांना खून, आगी, प्रेमप्रकरणे, युद्धे एवढी चारली की आता साध्या आयुष्याची चवच उरली नाही. आपल्याला फसवले गेले आहे एवढे त्यांना कळते, कुणी फसवले ते कळत नाही. यासाठी मराठीत तळतळाट हा एकच शब्द पुरेसा आहे. त्या गर्दीत एक छळवादी बालनट होमरला दगड मारतो, आयुष्यात कधी हात न उचललेला होमर त्याला पायाखाली तुडवतो, आणि गर्दी होमरवर तुटून पडते. टॉडचा पाय जायबंदी होतो. पोलिसांच्या गाडीत बसल्यावर भोंग्याचा आवाज ऐकून त्याला आधी वाटते की आपणच ओरडतो आहोत, मग तोंड बंद असल्याची खात्री झाल्यावर तो त्या भोंग्याची नक्कल करत मोठमोठ्याने ओरडू लागतो.

माझ्या मते पहिल्या परीक्षकांना जे सोसले नाही ते हेच असावे. चित्रपटवाल्यांची टर उडवणाऱ्या पुस्तकात वाचक नेहमी सुरक्षित असतो, तो प्रेक्षागृहात बसलेला असतो. वेस्टने दिवा प्रेक्षागृहाकडे वळवला. पडद्यावरच्या माणसांना त्याने जवळपास सोडून दिले आणि तिकीट काढणाऱ्याला पानावर आणले. ६० टक्के परीक्षणे लेखकाच्या अंगावर धावून गेली ती मला त्या शेवटच्या प्रकरणाचीच पुढची पाने वाटतात.

आणखी एक लिहून बघण्याएवढे आयुष्य त्याला मिळाले नाही. २२ डिसेंबर १९४० रोजी मेक्सिकोतून शिकारीहून परतताना कॅलिफोर्नियात एल सेंट्रोजवळ त्याची गाडी थांब्याची खूण ओलांडून दुसऱ्या गाडीवर आदळली. तो ३७ वर्षांचा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लग्न झालेली त्याची बायको आयलीन हीसुद्धा त्या अपघातात गेली. आदल्याच दिवशी हॉलिवुडमध्ये फिट्झजेराल्ड हृदयविकाराने गेला होता. आयलीनच्या तरुणपणावर आधारलेले एक विनोदी नाटक चारच दिवसांनी ब्रॉडवेवर लागले आणि गाजले. वेस्टच्या कादंबरीवर जॉन श्लेसिंजरने १९७५ मध्ये चित्रपट काढला. हॅरीची भूमिका करणाऱ्या बर्जेस मेरेडिथला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९९८ मध्ये मॉडर्न लायब्ररीने विसाव्या शतकातल्या शंभर इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली तेव्हा त्यात ही कादंबरी ७३ व्या जागी होती.

ते पुस्तक घेतल्यानंतरच्या दिवाळीत मी कोल्हापूरला गेले तेव्हा तात्यांना अंथरुणावरून उठवत नव्हते. डबी उशाशीच होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून मी त्यांच्याजवळ बसून हॅरी ग्रीनरची गोष्ट मराठीत सांगितली: तो म्हातारा, ते पॉलिश, दारातला तो प्रयोग, ती घेरी. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले झोप लागली असावी.

“घरात घेतलं का त्याला?” त्यांनी विचारले.

“घेतलं, तात्या. कोचावर बसवलं. पाणी दिलं.”

“मग ज्यानं लिवलंय त्यो दारोदार हिंडलेला असणार,” तात्या म्हणाले. “वाच फुडं.”